मरणाचा विचार करा, पण दिवसा आणि कागदावर

वाचकाचं पत्र:

“मी 54 वर्षांची. सांगलीजवळच्या एका गावात पतसंस्थेत नोकरी करते. माझी शाळेपासूनची मैत्रीण मार्चमध्ये झोपेतच गेली. आजारी वगैरे काही नव्हती. त्याच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला होता, ‘भेटू या गं.’ मी म्हटलं, मार्च एंडिंग होऊ दे, मग निवांत भेटू. तेव्हापासून रात्री तीनच्या सुमाराला जाग येते. घाम सुटलेला असतो, छाती धडधडते आणि आपलंही असंच होणार हे डोक्यातून जात नाही. दुसरीकडे वाटतं, आता तरी जगून घ्यावं. त्या भरात काश्मीरची सहल बुक केली, जलरंगांचा ऑनलाइन क्लास लावला. दोन्हीत मन नाही. मुलगा कॅनडात आहे, दोन वर्षांतून एकदा तीन आठवड्यांसाठी येतो. आई 81 वर्षांची, आमच्याकडेच असते. ती हल्ली ‘माझं काही झालं तर...’ असं काहीबाही सांगायला लागते आणि आम्ही सगळे तिला गप्प करतो. यांच्याशी बोलायला गेले तर म्हणतात, सारखं काय मरणाचं घेऊन बसलीस. मरणाचा विचार केला की माणूस चांगलं जगतो असं ऐकलं होतं. माझं तर जगणंच बिघडलंय. माझं काय चुकतंय?”

ताई,

विचार चुकीचा नाही. त्याची वेळ चुकतेय आणि रीतही. पण त्याआधी एक साधी गोष्ट. तुमच्या पत्रातल्या काही लक्षणांचा मरणाच्या भीतीशी संबंध नसण्याचीही शक्यता आहे. रात्री घामाघूम होऊन जाग येणं, धडधडणं, हे पाळी जाण्याच्या काळात पुष्कळ बायकांना होतं. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी होतं. अशा वेळी आधी शरीर जागं होतं आणि मग डोकं त्या धडधडीला कारण शोधायला लागतं. तुमच्याकडे ताजं कारण मैत्रिणीचं आहे, ते लगेच हाती लागतं. म्हणून या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, लिपिड प्रोफाइल, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एक ईसीजी एवढं करून घ्या. पाळीबद्दल डॉक्टर विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. रिपोर्ट ठीक आले की तो विषय तिथेच मिटवा. घरी मशीन आणून दिवसातून चारदा बीपी मोजत बसलात तर भीती कमी होत नाही, वाढते. मात्र चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब आला, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे गेलं, दम लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

दुसरी खूणगाठ मनाची. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नाही, जेवण जात नाही, सारखं रडू येतं किंवा ‘नसलेलंच बरं’ असं मनात येतं, तर पुढे लिहिलेलं काहीही सध्या करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मरणाचा विचार ज्याला आधीच ओढतोय, त्याने या विषयाचा मुद्दाम अभ्यास करायचा नसतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. मरणाची आठवण माणसाला शहाणं करते हे अर्धंच खरं आहे. मरणाची नुसती चाहूल लागली तर माणूस बहुधा उलटा वागतो. मानसशास्त्रात यावर 1980 च्या दशकापासून भरपूर प्रयोग झालेत आणि त्यातल्या अनेकांत दिसलं ते असं: मृत्यूचा ओझरता, धूसर उल्लेख झाला की लोक आपल्या गोष्टींना अधिक घट्ट धरतात. आपला पैसा, आपला मान, आपली माणसं. 2004 मध्ये फिलिप कोझोलिनो आणि सहकाऱ्यांनी यात एक महत्त्वाचा फरक दाखवला. काही जणांना त्यांनी ‘मरणाच्या विचाराने काय वाटतं’ असं मोघम विचारलं. बाकीच्यांना एक प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगितला: जुन्या इमारतीत विसाव्या मजल्यावर मित्राकडे मुक्कामाला आहात, मध्यरात्री धुराने जाग येते, बाहेर पडता येत नाही. मग त्यांना विचारलं की त्या क्षणी मनात काय येईल, आजवरचं आयुष्य कसं होतं आणि घरच्यांवर काय परिणाम होईल. त्यानंतर सोडतीची मोजकी तिकिटं समोर ठेवली आणि हवी तेवढी घ्या म्हटलं. पैसा-प्रतिष्ठेला फार मान देणाऱ्यांपैकी मोघम विचार केलेल्यांनी जास्त तिकिटं उचलली. प्रसंग नीट मनात आणून आयुष्याकडे मागे वळून पाहिलेल्यांनी कमी घेतली.

तुमचं सध्या पहिल्या गटासारखं चाललंय. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, चौकातला फ्लेक्स, पेपरातली निधनवार्ता, आणि रात्री तीनला अंधारात छताकडे बघणं. हे सगळे ओझरते धक्के आहेत. त्यातून जे निघतं ते म्हणजे घाईने बुक केलेलं काश्मीर. सहल वाईट नाही, आणि रद्द करायचीही घाई नको, पैसे कापले जातील ते वेगळंच. पण घाबरून केलेल्या खरेदीने भीती जात नाही, हप्ते तेवढे मागे लागतात. दिवसातून पाच वेळा ‘तुम्ही मरणार आहात’ अशी आठवण करून देणारं मोबाईल अ‍ॅपसुद्धा मिळतं. सुरुवातीलाच ते घेऊ नये असं आमचं मत आहे.

जुन्या परंपरांनी हा विचार नेहमी चौकटीत बसवला, तो उगीच नाही. बौद्धांची मरणसती म्हणजे मरणाचं सजग स्मरण, जैनांच्या बारा भावनांमधली (म्हणजे चिंतनांमधली) पहिली अनित्य भावना, हे ठरलेल्या बैठकीत, ठरलेल्या क्रमाने करायचे अभ्यास आहेत. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरात अनित्यतेवर भर असतो, पण आधी तीन दिवस नुसता श्वास पाहायला लावतात. थेट उडी कुणीच मारायला सांगत नाही.

तर तुमची बैठक अशी ठेवा. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चहा झाल्यावर, वीस मिनिटं. जेवणाच्या टेबलावर बसायचं, पलंगावर नाही. एक शंभर पानी वही आणि पेन. गजर लावून मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं आणि लगेच हाताचं काम करायचं: भाजी आणणं, कुकर लावणं, कपडे वाळत घालणं. हे शेवटचं काम आधीच ठरवून ठेवा. बरेच जण लिहून झाल्यावर तसेच बसून राहतात आणि अख्खी सकाळ त्यात बुडते. दुसऱ्या आठवड्यात मग बसायलाच नको वाटतं.

रात्री तीनला जाग आली तर वाद घालू नका. उशाशी चिठ्ठी ठेवा. जो विचार आला तो एका ओळीत लिहायचा, पुढे ‘रविवारी’ असं लिहायचं, उठून पाणी प्यायचं आणि झोप येईपर्यंत दुसऱ्या खोलीत बसायचं. अंधारात, आडव्या स्थितीत, काहीच करता येत नसताना कुठलाही प्रश्न सुटत नाही. घराच्या हप्त्याचाही नाही.

पहिल्या रविवारी हिशेब करायचा. पतसंस्थेत आहात, आकड्यांची सवय आहे. पण ‘माझी किती वर्षं उरली’ हा हिशेब करू नका. तो आकडा कुणालाच माहीत नाही आणि पंचवीस वर्षं म्हटलं तर फार वाटतात. माणसागणिक हिशेब करा. उदाहरणार्थ मुलगा. तुम्ही 78 पर्यंत आहात असं धरू. 24 वर्षं, दोन वर्षांतून एक फेरी, म्हणजे बारा फेऱ्या. प्रत्येकी तीन आठवडे, एकूण छत्तीस आठवडे. चोवीस वर्षांत मुलासोबत सव्वाआठ महिने. आता आई. ती 87 पर्यंत राहिली तर नातवाची आणि तिची भेट अजून तीनदा होणार. नऊ आठवडे. त्यातले कितीतरी दिवस बँकेची कामं, दातांचा डॉक्टर, सासुरवाडी आणि खरेदीत जातात, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

हा आकडा पाहून पोटात खड्डा पडेल. पडू द्या, पण तिथेच थांबू नका. त्याच पानावर खाली लिहा: या आकड्यात माझ्या हातात काय आहे? फेऱ्या वाढवणं कदाचित नाही. पण पुढच्या फेरीत पहिले पाच दिवस कुणाकडे जाणं-येणं ठेवायचं नाही, हे हातात आहे. रोज दोन मिनिटं ‘जेवलास का’ विचारण्याऐवजी आठवड्यातून एकदा तासभर व्हिडिओवर दोघांनी एकच भाजी करायची, हेही हातात आहे. एका बैठकीतून एकच निर्णय काढायचा आणि तो वार-वेळेसकट कॅलेंडरवर लिहायचा. पाच निर्णय लिहिले की एकही होत नाही.

स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी वर्षानुवर्षं हेच अभ्यासलं आहे. पुढचा काळ थोडा आहे असं जाणवलं की माणसं नव्या ओळखी आणि नवी माहिती गोळा करण्यापेक्षा जवळच्या, अर्थ वाटणाऱ्या नात्यांना वेळ देऊ लागतात. हे म्हाताऱ्यांमध्ये दिसतं आणि आजारी तरुणांमध्येही. म्हणजे ही निवड वयामुळे होत नाही, उरलेल्या वेळाच्या जाणिवेमुळे होते. ही जाणीव आजार न होताही आणता येते. रविवारची वही त्यासाठीच.

दुसऱ्या रविवारी ‘नंतर’ची यादी करा. मैत्रिणीला तुम्ही मार्च एंडिंगनंतर भेटू म्हणालात, ते तुम्हाला टोचतंय. त्यात काही गुन्हा नव्हता. 31 मार्चला पतसंस्थेत काय चालतं हे तिलाही ठाऊक असणार. शिवाय आज जे माहीत आहे ते त्या दिवशी माहीत नव्हतं. पण त्या टोचणीचा उपयोग होऊ शकतो. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात, काय पुढे ढकललंय. दुसऱ्यात, कशानंतर. तिसऱ्यात, तारीख. ‘गुडघ्याचं दाखवायचं: पावसाळ्यानंतर: 12 ऑक्टोबर.’ ‘धाकट्या वहिनीशी बोलणं: तिने आधी केलं तर: ...’ इथे तिसरा रकाना भरताच येणार नाही. मधल्या रकान्यात खरी घटना नसते, नुसती सबब असते, तिथेच तारीख अडकते. अशा ओळी निवडून काढा. त्यांतल्या काही सरळ खोडून टाका, कारण तुम्हाला ते करायचंच नाही. फ्रेंच शिकणं, टेरेसवरची बाग, कुणीतरी लावून दिलेली भिशी. खोडताना हळहळ वाटत नसेल तर ते तुमचं नव्हतंच. आमच्या अनुभवात या बैठकीतून सगळ्यात जास्त मोकळा वेळ निघतो, करण्याच्या यादीतून निघत नाही.

राहिलेल्या ओळींत बहुतेक माणसं असतील. त्यांच्यापैकी एकाला पत्र लिहा, आठ-दहा ओळींचं. असाध्य आजाराच्या रुग्णांसोबत काम करणारे लोक चार गोष्टी सुचवतात: माफी मागणं, माफ करणं, आभार, आणि आपल्याला ते माणूस प्रिय आहे हे सांगणं. चौथी आपल्याकडे तोंडातून निघत नाही. काढायचा अट्टहास करू नका. ‘त्या वर्षी तू होतास म्हणून निभावलं’ एवढं लिहिलं तरी पोचतं. फक्त प्रसंग नेमका हवा. ‘तू माझ्यासाठी खूप केलंस’ हे वाढदिवसाच्या कार्डावरचं वाक्य आहे. ‘बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मिरजेला रात्रभर बाकावर बसलास’ हे पत्र आहे. मैत्रिणीलाही लिहा. तिला पाठवता येणार नाही, पण तिच्या मुलांना पाठवता येईल. आपली आई शाळेत कशी होती हे त्यांना सांगणारी आता तुम्हीच आहात.

तिसऱ्या रविवारचा प्रश्न कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांच्या पद्धतीतून घेतलेला आहे. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांशी ते आणि त्यांचे सहकारी ठरावीक प्रश्नांवर बोलतात, ते रेकॉर्ड करून, लिहून, नीट करून घरच्यांना देतात. त्यांच्या प्रश्नांपैकी एक असा: तुम्हाला सगळ्यात जास्त जिवंत कधी वाटलं? तीन प्रसंग लिहा. घोळ इथे होतो: माणसं ‘निसर्ग’, ‘संगीत’, ‘कुटुंब’ असं लिहितात. तसं लिहिलंत तर पान उलटून पुन्हा सुरू करा. कुठे होतात, सोबत कोण, किती वाजले होते, हात काय करत होते? समजा निघालं: ‘गॅदरिंगच्या आदल्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये पडदे रंगवत होतो, पंधरा-वीस जणी, हात कोपरापर्यंत निळे, सगळ्या एकदम बोलत होतो.’ मग जलरंगांच्या क्लासमध्ये मन का लागत नाही ते कळलं. तुम्हाला रंग हवे आहेत, पण एकटीने स्क्रीनसमोर बसून नकोत. पंधरा बायका हव्यात. तुमच्या गावात त्याला क्लास लागणार नाही. गणपतीची आरास लागेल, नवरात्रातली रांगोळी लागेल, जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत लागेल.

तीन प्रसंग लिहून झाले की गेल्या महिन्यात त्या जातीचं काही किती तास झालं ते मोजा. बहुतेकांचं उत्तर शून्य ते दोन येतं. ते आठवड्याला दोन तासांवर आणायचं, एवढंच लक्ष्य. नोकरी सोडणं, गावी जाऊन शेती करणं, असले निर्णय या वहीतून पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका. दुःख ताजं असताना घेतलेला मोठा निर्णय बहुधा दुःखाचा असतो, तुमचा नसतो. काश्मीरलाही याच कसोटीवर बघा: तुमच्या तीन प्रसंगांत डोंगर आहेत की माणसं? माणसं असतील तर सहलीला कोण सोबत येतंय याकडे लक्ष द्या.

एक धोका मुद्दाम सांगतो, कारण तो आपल्याच घरांत फार. मरणाचा विचार स्वतःसाठी करायचा असतो. तो दुसऱ्यावर उगारला की ‘मी नसेन तेव्हा कळेल तुम्हाला’ होतं. मुलाच्या फोनवर हे वाक्य एकदा जरी गेलं तरी पुढचे सगळे फोन लहान होतात.

चौथा रविवार कागदांचा. हे कोरडं काम वाटेल, पण रात्री तीनच्या भीतीत खूपदा हेच असतं: माझ्यामागे यांना काहीच माहीत नाही. एक फाइल करा. त्यात खाती, ठेवी, विमा, लॉकर, घराची कागदपत्रं, येणं-देणं आणि कुठे कोण नॉमिनी याची एक पानी यादी. मोबाईलचा पिन बंद पाकिटात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे तुम्ही पतसंस्थेत लोकांना सांगत असालच, स्वतःच्या बाबतीत विसरू नका. पैसे नॉमिनीच्या हातात येतात, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याचा. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प ड्युटी नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार मात्र हवेतच आणि त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय त्याला साक्षीदार करू नका, वादाला तोंड फुटतं. वयाने लहान साक्षीदार घ्या, उद्या कोर्टात उभं राहायला ते हवेत. गोव्यातल्या वाचकांनी हे तसंच्या तसं घेऊ नये. तिथल्या वारसा कायद्यात मुलाबाळांचा किंवा आईवडिलांचा अर्धा वाटा राखीव असतो आणि मृत्युपत्र साधारणपणे नोटरी अधिकाऱ्यासमोर होतं.

याच फाइलमध्ये लिव्हिंग विल. आपण बरे होण्याची शक्यता नसताना, बोलताही येत नसताना, व्हेंटिलेटर वगैरे यंत्रांवर ठेवू नये असं आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केला आणि 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नाव लिहायचं, एकाहून जास्त नावं चालतात. एक प्रत त्या माणसाकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं, तेव्हा गोव्यात ही वाट सुरू झाली. प्रत्यक्षात उपचार थांबवण्याआधी एक प्राथमिक आणि वेगळ्या डॉक्टरांचं दुसरं, अशी डॉक्टरांची दोन मंडळं संमती देतात, त्यामुळे कुणी घाईने काही करेल ही भीती नको. याचा दयामरणाच्या इंजेक्शनशी काही संबंध नाही, ते भारतात बेकायदेशीरच आहे. मूळ कागद लॉकरमध्ये ठेवणं ही नेहमीची चूक. रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर लॉकर उघडत नाही.

यजमानांशी बोलायला हीच फाइल वापरा. ‘मला मरणाबद्दल बोलायचंय’ म्हणालात तर ते पेपर उघडतील. ‘अहो, ठेवींचे नॉमिनी बघायचेत, रविवारी अर्धा तास द्या’ म्हणालात तर चष्मा शोधतील. पुष्कळ पुरुषांना हा विषय कागदाच्या आडून बोलता येतो. सही करताना मध्येच थांबून काहीतरी बोलतात, ते ऐका. दरवर्षी ही फाइल एकदा उघडायची. तुमच्याकडे पितृपंधरवडा पाळत असतील तर सर्वपित्री अमावास्येचा दिवस सोयीचा, घरात तो विषय त्या दिवशी कुणाला अभद्र वाटत नाही. ख्रिस्ती घरांत 2 नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस.

आणि आई. आम्हाला तुमच्या पत्रातली सगळ्यात निकडीची ओळ तीच वाटली. तुमच्या घरात मरणाचा नीट, न घाबरता विचार करणारी एकच व्यक्ती आहे आणि तिला सगळे गप्प करताय. ‘माझं काही झालं तर’ असं म्हाताऱ्या माणसाने म्हटलं की बहुतेक वेळा त्याच्यामागे अगदी ठोस काहीतरी असतं: पाटल्या कुणाला, कोणती साडी नेसवायची, गावच्या घराची किल्ली कुणाकडे, ज्या दिराशी वीस वर्षं बोलणं नाही त्याला कळवायचं की नाही. ‘असं अभद्र बोलू नको, तू शंभर वर्षं जगशील’ म्हटलं की ती गप्प होते, पण तिची चिंता तशीच राहते.

पुढच्या वेळी ती म्हणाली की तिच्या शेजारी बसा आणि एवढंच म्हणा, “बोल की, काय म्हणत होतीस?” मग थांबा. पहिलं मिनिट अवघड जाईल, तिलाही संशय येईल की लेक अशी अचानक कशी काय ऐकायला लागली. समोरासमोर बसण्यापेक्षा शेंगा सोलताना, भाजी निवडताना बोलणं सोपं जातं, नजरेला नजर द्यावी लागत नाही. तिला चार गोष्टी विचारून घ्या, एकाच दिवशी नाही. फार आजारी पडलीस तर घरी राहायचंय की दवाखान्यात? त्या वेळी जवळ कोण हवं? कुणाला काय द्यायचं? आणि असं काही आहे का की जे तुला अजून करायचंय? चौथ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा अगदी लहान निघतं. माहेरचं गाव एकदा बघायचंय. कुरुंदवाडचा घाट बघायचाय. एखाद्या शनिवारी होऊन जाण्यासारखं.

घरी राहायचं म्हणाली तर ते नुसत्या इच्छेने होत नाही. वेदना, दम लागणं, जखमा यांवर घरी उपचार करणाऱ्या पॅलिएटिव्ह सेवेचा पत्ता आत्ताच काढून ठेवा, मिरज-सांगली-कोल्हापुरात चौकशी करा. हे उपचार शेवटच्या चार दिवसांचे असतात हा गैरसमज आहे. आजार बरा होणार नाही असं कळलं त्या दिवसापासून ते घेता येतात.

नेत्रदानाचं तिच्या मनात असेल तर तेही विचारून ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मधुमेह किंवा चष्मा असलेलं माणूसही देऊ शकतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक यायला हवेत, म्हणून फोन लगेच करायचा. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं उशीने थोडं उंच ठेवायचं. नुसता कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा काढतात, चेहरा विद्रूप होत नाही, आणि काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. फॉर्म आधी भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकाच्या संमतीने चालतं. देहदानाला मात्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी आधी बोलून ठेवलेलं बरं, आणि त्या दिवशी घरातल्या एकाने जरी विरोध केला तरी ते होत नाही. म्हणून आईची इच्छा तुमच्या भावंडांना तिच्याच तोंडून कळू द्या.

ती जे सांगेल ते वहीत लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवा. ती दुरुस्त्या सांगेल. पाटल्यांचं नाव कदाचित दोनदा बदलेल, बदलू द्या.